जिला कडू लागायचं

पाटणला वनौषधी संघाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक खोली होती. कागदोपत्री तिचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळे तिला जिभेची खोली म्हणायचे. पांढऱ्या भिंती, घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या, एक बेसिन आणि ओळीनं सहा खुर्च्या. शैलजा देवकर तिथं लागली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. खिडकीकडून दुसरी खुर्ची तिची.

काम सांगायला सोपं होतं. डोंगरातून काडेचिराईत यायचं, गुळवेल यायची, अडुळसा यायचा, कडुनिंबाची साल यायची. प्रत्येक पोत्यातला थोडा माल घेऊन त्याचा अर्क काढायचा आणि तो पाण्यात पातळ करत करत कपांत भरायचा. सगळ्यात पातळ कपापासून सुरुवात करून एकेक घोट तोंडात फिरवायचा, थुंकायचा, चूळ भरायची. ज्या कपात कडवटपणा पहिल्यांदा कळेल त्या कपाचा नंबर सांगायचा. सहा जणांच्या सहा नंबरांवरून त्या मालाचं तिक्तमान ठरायचं. हे यंत्रांनी करून पाहिलं होतं. यंत्राला जे कडू आधी शिकवलेलं असे तेवढंच ते ओळखे. रानातलं झाड मात्र दरवर्षी, दर उतारावर थोडं वेगळं बोलतं. म्हणून कायद्यानं अजून माणसाची जीभ लागत होती.

शैलजाची जीभ त्या सहांत सगळ्यात तिखट होती, असं गमतीनं म्हणत. बाकीच्यांना चौथ्या कपात लागे ते तिला दुसऱ्यातच लागे. तिच्या शेजारी बसायची वैजयंता साळुंखे. दोघींनी अठरा वर्षं एकमेकींना कोपरानं ढोसत ते कप रिकामे केले.

मग थेंब आला.

तो आला तेव्हा कोणालाच त्यात वाईट काही दिसलं नाही, आणि खरं तर नव्हतंही. क्षयाची औषधं घेणारी लहान मुलं गोळ्या थुंकून टाकतात, त्यांच्यासाठी तो शोधला होता. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारी दोन डझन प्रकारची कुलपं असतात. कडू पदार्थाचा कण त्यातल्या एखाद्यात जाऊन बसला की मेंदूला निरोप जातो. जिभेच्या या पेशी दोनेक आठवड्यांत मरतात आणि खालच्या मातृपेशी नव्या तयार करतात. थेंबात एक माणसाळलेला विषाणू होता. तो त्या मातृपेशींपर्यंत पोचायचा आणि कडूची कुलपं घडवण्याची सूचनाच पुसून टाकायचा. गोड, आंबट, खारट जसंच्या तसं. नवी जीभ उगवायची ती कडूविना, कायमची.

यातली खरी मेख पुढंच होती. तशीच कुलपं आपल्या घशात, श्वासनळीत, आतड्यातही असतात. काढा पोटात गेला की तिथली कुलपं उघडतात आणि शरीर आपलं काम सुरू करतं. थेंब फक्त जिभेवर चालायचा, आतल्यांना हात लावायचा नाही. म्हणजे गुण तोच, त्रास नाही. हे लोकांना कळलं आणि गोष्टच बदलली. सर्दी झाली की अडुळसा, पित्त उठलं की गुळवेल, अंगाला खाज सुटली की कडुनिंब. जे काढे आजीच्या धाकानं घेतले जायचे ते लोक चहासारखे पिऊ लागले. संघाला माल पुरवता पुरवता नाकी नऊ आले.

आणि जिभेच्या खोलीतल्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. पहिल्या वर्षी दोघांनी थेंब घेतला, दुसऱ्या वर्षी आणखी दोघांनी. वैजयंतानं सगळ्यात शेवटी घेतला. तिला कर्करोगाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या गिळताना तिचे हाल व्हायचे. शैलजानंच तिला म्हटलं, घे बाई, जीभ काय करायचीय. वैजयंता बरी झाली आणि संघाच्या पॅकिंग विभागात गेली. खोलीत एकटी शैलजा उरली. निकम मॅनेजरांनी वर लिहून एका जिभेच्या नंबरावर माल पास करायची परवानगी आणली. ती रोज त्याच दुसऱ्या खुर्चीवर बसायची. दुसरीकडं बसून पाहिलं तिनं एकदा, पण जमलं नाही.

तिनं थेंब का घेतला नाही, असं लोक विचारायचे तेव्हा ती म्हणे, नोकरी आहे. ते खरंच होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं.

घरी ती आणि तिचे यजमान उत्तमराव, दोघंच. मूलबाळ झालं नाही. उत्तमराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेड मेकॅनिक होते, आता निवृत्त. माणूस अबोल. हातात पाना असला की खूश, नसला की गप्प. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना पित्ताचा आणि पुढं साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हापासून शैलजा रोज सकाळी त्यांना काढा द्यायची. काडेचिराईत आणि गुळवेल, आठाचा एक भाग उरेपर्यंत आटवलेला. उत्तमराव पेल्याकडं बघून आधी उसासा टाकायचे. मग नाक दाबून एका दमात प्यायचे, कपाळाला हात लावायचे, आणि तिच्या अख्ख्या माहेराचा उद्धार करायचे. ढेबेवाडीच्या माणसांना जावयाला मारायचं असेल तर सरळ मारा म्हणावं, हे हप्त्याहप्त्यानं कशाला. ती हसायची, हातावर लवंग ठेवायची. आणि तोंडाची चव जाईपर्यंत जी दहा मिनिटं लागायची त्या दहा मिनिटांत हा अबोल माणूस बोलायचा. कोणत्या गाडीचा गिअर अडकला, कोण साहेबांशी भांडला, आईची आठवण का आली. दिवसाचं सगळं बोलणं त्या दहा मिनिटांत व्हायचं. बाकी दिवस शांत जायचा आणि शैलजाला तो पुरायचा.

निवृत्त झाल्यावर उत्तमरावांनी थेंब घेतला. दवाखान्यात गेले, जीभ बाहेर काढली, घरी आले. पंधरा दिवसांनी शैलजानं काढा पुढं केला तो त्यांनी बातम्या बघता बघता पिऊन टाकला आणि पेला खाली ठेवला. ती लवंग घेऊन उभी होती.

"पाणीच आहे की गं हे," ते म्हणाले. त्यांना खूप आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच थर्मास भरून ठेवायला सुरुवात केली. तिची आता सकाळी घाई नको, म्हणाले. त्यांना तिची काळजीच होती त्यात. ती मात्र सकाळी स्वयंपाकघरात उभी राहायची आणि हात कशाला लावावा ते तिला सुचायचं नाही.

तू पण घे, असं ते पुढं कितीदा तरी म्हणाले. एकदा मोकळी हो, कारल्याची भाजी करताना वेगळी फोडणी नको, कॉफीत साखर नको. ती टाळायची. कडूपण आता तिच्या एकटीचं झालं होतं. पाडव्याला लोक कडुनिंबाची चटणी कोथिंबिरीच्या चटणीसारखी वाटी वाटी खायचे. कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण शाळेत मुलांना समजावून सांगावी लागायची. एखादा शब्द बोलणारा शेवटचा माणूस असावा तसं तिला वाटायचं. आपणही सोडलं तर तो शब्द गेलाच.

साखरेसाठी उत्तमरावांनी आणखी एक सुरू केलं होतं. रोज सकाळी दुध्याचा रस. परसात त्यांनी दुध्याचे दोन वेल लावले होते. तिसरा विहिरीजवळ आपोआप उगवला, तोही त्यांनी मांडवावर चढवला. त्याला सगळ्यात आधी फळ धरलं.

शैलजाला जिभेच्या खोलीत सुरुवातीलाच शिकवलेलं एक आठवत होतं. झाड कडू होतं ते माणसाला बरं करावं म्हणून नाही, कोणी आपल्याला खाऊ नये म्हणून. जीभ ही दारावरची राखणदार. हजारो वर्षांत माणसानं काही कडू पाहुणे ओळखीचे करून घेतले आणि त्यांना आत सोडलं, ती औषधं झाली. बाकीचे अजून दारात अडवायचेच आहेत. दुधी, दोडका, काकडी यांचे रानटी पूर्वज फार विषारी असतात. त्यांच्यातलं कुकुर्बिटॅसिन माणसानं पिढ्यान् पिढ्या बी निवडून काढून टाकलं. पण आपोआप उगवलेल्या वेलात, कडक उन्हात, ते कधीकधी परत येतं. असा दुधी पहिल्या घोटालाच थुंकला जातो, म्हणून माणसं वाचतात.

तिनं हे उत्तमरावांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण वेल काढला नाही. एवढं चांगलं वाढतंय, म्हणाले. मग तिनं एक नियम केला. रस काढला की आधी ती चमचाभर चाखणार, मग ते पिणार. पाचसहा महिने हे चाललं. रस दर वेळी गोडसरच निघायचा. उत्तमराव पेला तिच्यासमोर धरून उभे राहायचे, ती मान हलवायची, ते प्यायचे. बोलणं काही व्हायचं नाही. तरी तिला ते थोडं थोडं आवडायला लागलं होतं.

फेब्रुवारीत एका रविवारी वर्कशॉपचे चार जुने मित्र घरी आले. गप्पा रंगल्या होत्या. उत्तमरावांनी सगळ्यांसाठी चहा आणि स्वतःसाठी रस आणला. शैलजा पाहुण्यांना चिवडा देत होती. जाता जाता सवयीनं तिनं त्यांच्या हातातला पेला घेतला, एक घोट चाखला आणि परत दिला. त्यांच्यातला एक जण म्हणाला, देवकर, राजेमहाराजांसारखा चाखणारा ठेवलायस की. सगळे हसले. उत्तमरावही हसले, पण रस प्यायले नाहीत.

पाहुणे गेल्यावर ते खूप वेळ ओट्यावरच्या खुर्च्या आत आणत राहिले. मग म्हणाले,

"चौतीस वर्षं इंजिनं उघडली आणि बसवली मी. माझ्या घशाखाली काय जातंय ते मला कळत नाही, हे चार लोकांना दाखवायचं होतं का तुला?"

कळत नाहीच की तुम्हाला, हे तिच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं. त्यांचा चेहरा बघून तिला वाटलं, या माणसाला आपण कमीपणा आणला. ती म्हणाली, "बरं. उद्यापासून नाही चाखणार."

आणि खरंच ती चाखेनाशी झाली. एकदोनदा पेला समोर दिसला, हात पुढं झाला, तिनं आवरला. दिलेला शब्द मोडायचा नाही, या हट्टात थोडा रागही होता. तो तिचा तिलाच माहीत.

मार्चच्या मध्यावर ऊन असं तापलं की कौलं तडकायला लागली. एका मंगळवारी सकाळी आठला ती कामावर गेली. साडेअकराच्या सुमाराला शेजारच्या जाधववहिनींचा फोन आला, भाऊंना खूप उलट्या होतायत, ग्रामीण रुग्णालयात नेलंय. शैलजा कप तसाच टाकून धावली.

उत्तमराव कॉटवर पोट धरून वाकले होते. उलटीत रक्त होतं. डॉक्टर इनामदार नावाची तरुण बाई होती, ती रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजत होती. बाहेरचं काही खाल्लंय का, विचारत होती. शैलजा त्यांच्या कानाजवळ वाकली आणि कोणत्या वेलाचा दुधी काढला होता, एवढंच विचारलं. विहिरीजवळचा, असं त्यांनी हातानं दाखवलं.

ती घरी आली. पेला बेसिनमध्ये न धुता पडला होता, तळाला हिरवट थेंब. तिनं करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं.

पस्तीस वर्षांत तिनं हजारो कप चाखले होते. हे त्यातल्या कशातच बसत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, अंगावर काटा उभा राहिला. ती थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली, तरी ते जाईना. एवढंसं बोट. ते पेलाभर प्यायले होते, सावकाश, पेपर वाचत.

उरलेला रस आणि अर्धा दुधी पिशवीत घालून ती परत धावली. डॉक्टर इनामदारांनी रसाचा वास घेतला, तो जिभेला लावून पाहिला आणि मान हलवली. त्यांनीही थेंब घेतला होता. मग त्यांनी शैलजाकडं पाहिलं. कडू आहे, विषारी दुधी आहे, असं शैलजानं सांगितलं. त्यावर उतारा नाही, असं डॉक्टर म्हणाल्या, पाणी आणि रक्त देत राहायचं, पोटाला सांभाळायचं आणि वाट बघायची. अँब्युलन्सनं कराडला हलवलं.

कराडला दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोडा वेळ शुद्धीवर होते. शैलजा स्टुलावर बसली होती. त्यांनी डोळे उघडून बराच वेळ तिच्याकडं पाहिलं.

"कडू होता का गं?"

"खूप."

"मला काकडीसारखा लागला," ते म्हणाले. "गार."

तिला म्हणायचं होतं की मी चाखायला हवं होतं. तिला म्हणायचं होतं की तुम्हीच तर. तिनं त्यांचा हात हातात घेतला. हात खडबडीत होता, नखांच्या कडेला इतक्या वर्षांचं ग्रीस अजून होतं. त्यांनी तिचा अंगठा दाबला आणि डोळे मिटले. गुरुवारी दुपारी ते गेले.

कागदपत्रं करताना रुग्णालयातला अधिकारी शैलजाला म्हणाला की अशा आणखी घटना वरून कळतायत. आता ज्यांना कडू कळतं त्यांची तालुकावार यादी करायला सांगितलंय, तुमचं नाव घालू का. पाटण तालुक्यात आणखी कोण आहे, तिनं विचारलं. त्यानं पडद्यावर पाहिलं. धरणापलीकडच्या एका वाडीत नव्वद वर्षांच्या एक बाई, आणि मोरगिरीला एक जण, ज्याला थेंब लागू पडला नाही. तुम्ही धरून तीन. घाला, ती म्हणाली.

अंत्यविधी पाटणला नदीकाठी झाला. पुतण्या संदेश पुण्याहून आला होता, त्यानं अग्नी दिला. शैलजाही गेली होती, आताशा बायका जातात. उन्हात ज्वाळा नीट दिसतही नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती.

परत आल्यावर दाराशी रीतीप्रमाणं पाण्याची बादली, तांब्या आणि ताटात कडुनिंबाचा पाला ठेवला होता. स्मशानातून आलं की पान चावायचं, चूळ भरायची, पाय धुवायचे, मग घरात. माणसं एकेक करून पुढं येत होती. वर्कशॉपचे चौघे आले, निकम मॅनेजर आले, जाधववहिनी आल्या. प्रत्येकानं पान घेतलं, चावलं, थुंकलं. कोणाचा चेहरा हलला नाही. एकानं बोलता बोलता दुसरं पान उचललं आणि तेही चघळत राहिला. शैलजा बाजूला उभी राहून बघत होती. मेथीच्या शेतात गुरं चरावीत तसं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लाज वाटली. ही सगळी तिच्यासाठीच उन्हात चालत आली होती.

शेवटी तिनं एक डहाळी उचलली. चार पानं तोंडात टाकली.

वैजयंता तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. आजारपणानंतर तिचे केस पांढरे आणि आखूड झाले होते. तिनंही पान घेतलं, बराच वेळ चावलं, जणू चावता चावता काहीतरी सापडेल. मग रडायला लागली.

"शैला, मला आठवतच नाही गं," ती म्हणाली. "अठरा वर्षं तुझ्या शेजारी बसून नंबर सांगितले. कसं लागायचं ते आठवत नाही. भाऊंसाठी पान चावतेय आणि तोंडात नुसता पाला. कसं लागतं, सांग ना."

शैलजानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडं सांगायला काही नाही. दुसरा कप, चौथा कप, एवढंच तिला येत होतं. कडू कसं असतं हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. पानं अजून तोंडात होती. ती दाताखाली घेऊन शैलजा थांबली, नीट लक्ष दिलं.

"आधी काही लागत नाही," ती म्हणाली. "नुसतं पान असतं. तुझ्यासारखंच. मग मागून येतं, जिभेच्या पार मागून. आलं की तोंडात दुसरं काही उरत नाही."

वैजयंता डोळे पुसायचं विसरून ऐकत होती. जाधववहिनीही जवळ सरकल्या.

"आणि पाणी प्यायलं की?"

"पाणी प्यायलं की पाणी कडू लागतं."

"किती वेळ राहतं गं?"

संदेशनं पाणी भरलेला तांब्या काकूपुढं धरला. शैलजानं तो घेतला आणि वैजयंताच्या हातात दिला. पानं गिळली. मग पाय धुतले आणि चूळ न भरताच ती घरात गेली.